सुपरहिरोंच्या मालकांना अनावृत पत्र: एकदा तरी ‘फायनल’ म्हणा

प्रति,
मार्व्हल, डीसी, सोनी आणि ज्यांच्या ज्यांच्या तिजोरीत एखादा तरी केपवाला माणूस आहे अशा सर्व स्टुडिओंचे प्रमुख,
बरबँक, कल्व्हर सिटी वगैरे, कॅलिफोर्निया.

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कोणी मला ओळखत नाही आणि ओळखायचं कारणही नाही. पण काही वर्षांपूर्वी एका सुपरहिरोपटात एक शॉट होता. नायक वळून मागे बघतो आणि वाऱ्याने त्याचे केस उडतात. ते केस मागच्या दृश्यापासून सुटे करायला मला सहा दिवस लागले. सिनेमा कुठला, कंपनी कुठली, ते सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणाचा असेल किंवा भलत्याच कोणाचा. कागदावर सही केलेली आहे आणि मी भित्रा माणूस आहे. शॉट साडेचार सेकंदांचा, म्हणजे १०८ फ्रेम. प्रत्येक फ्रेमवर बट न बट बिंदू लावून कापायची. सातव्या दिवशी सकाळी आमच्या टीमचा लीड खुर्चीमागे येऊन म्हणाला, “तो ओमिट झाला रे.”

ओमिट म्हणजे शॉटच सिनेमातून गेला. आमच्याकडे त्याचं कोणी मनाला लावून घेत नाही. खाली गेलो, कटिंग प्यायलो, वर येऊन पुढचा शॉट उघडला.

या कामाला रोटो म्हणतात. गोरेगावात मी ते दहा वर्षं केलं. डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, गेटवर फोन जमा करायचा आणि अंधाऱ्या हॉलमध्ये बसून परक्या माणसांच्या कडा कापत राहायचं. हॉलिवूडचं हे बिनचेहऱ्याचं काम मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूकडे येतं, कारण इथे माणूस स्वस्त पडतो. त्याची तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्यावर माझं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. तक्रार वेगळी आहे, आणि ती करण्याआधी मी तुमचा शत्रू नाही हे सांगायला हवं.

मी मूळचा मनमाडचा. २००२ साली नाशिकला जाऊन पहिला ‘स्पायडर-मॅन’ हिंदीत पाहिला. २००४ च्या दुसऱ्या भागात त्या पोराचं घरभाडं थकलेलं असतं आणि पिझ्झा वेळेत पोचला नाही म्हणून नोकरी जाते. इमारतींवरून उड्या मारणाऱ्या माणसाचं भाडं थकू शकतं, हे मला फार आपलं वाटलं. या धंद्यात मी आलो तो त्या सिनेमामुळे. (२००७ चा तिसरा भाग भोजपुरीतही आला, मराठीत नाही. स्पायडर-मॅनने मराठीत तोंड उघडायला २०२३ उजाडलं. त्याच सिनेमात त्याचा पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय अवतारही पडद्यावर आला. असो.)

दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसींनी २०१९ साली तुमच्या सिनेमांची तुलना थीम पार्कशी केली तेव्हा आमच्या हॉलमध्ये बरीच चिडचिड झाली. मला राग आला नाही. मी जत्रेत वाढलेला माणूस आहे, आकाशपाळण्याला नावं ठेवणार नाही. पण जत्रेतला पाळणा ठराविक फेऱ्यांनंतर थांबतो, माणसं उतरतात आणि खाली उभी असलेली दुसरी चढतात. तुमचा पाळणा थांबतच नाही. वर बसलेल्यांना मळमळायला लागलंय.

त्याच वर्षी, २६ एप्रिलला, ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ आला. काही मल्टिप्लेक्सवाल्यांनी चोवीस तास खेळ लावले होते. आम्ही पाच-सहा जण रात्रपाळी संपवून पहाटेच्या खेळाला गेलो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून मोजला तर हा बाविसावा सिनेमा. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मेला तेव्हा पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस हमसून हमसून रडत होता. नंतर नावांची पाटी सुरू झाली. लोक पाटी संपेपर्यंत थांबतात ते पुढच्या सिनेमाचा तुकडा बघायला. आमच्या धंद्यातली माणसं थांबतात ती कुठे ओळखीचं नाव दिसतंय का ते बघायला. रोटोवाल्यांची नावं बहुतेक वेळा नसतात, तरी थांबतात. त्या रात्री पाटी संपली आणि तुकडा आलाच नाही. फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही एखादी गोष्ट संपवलीत आणि लोकांना घरी जाऊ दिलंत. बाहेर उजाडत होतं. स्टेशनपर्यंत आमच्यात कोणी फारसं बोललं नाही.

जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्याच्या मंचावर हिरव्या झग्यातल्या एका माणसाने मुखवटा काढला. खाली टोनी स्टार्क झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. आता तो डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून परत येणार. पात्र वेगळं आहे हो, मला कळतं. पण त्या पहाटे रडलेल्या धिप्पाड माणसाला काय सांगायचं? त्याचे अश्रूही ओमिट झाले म्हणायचं?

‘लोगन’चं तर आणखी पुढे गेलं. २०१७ च्या त्या सिनेमात एक्स-मेन टोळीतला वुल्व्हरिन म्हातारा होऊन मेला, एका पोरीने त्याला पुरलं आणि थडग्यावरचा क्रूस तिरका करून त्याचा एक्स केला. या सगळ्या पसाऱ्यात इतका नेटका शेवट मला दुसरा आठवत नाही. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ची सुरुवातच ते थडगं उकरण्याने होते. सांगाडा बाहेर काढतात आणि त्याच्या हाडांनी मारामारी करतात. विनोद म्हणून केलंय आणि विनोद चांगला आहे, थिएटरात मीही हसलो. सिनेमाने १.३ अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. पण आमच्याकडे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं अशी एक म्हण आहे. ती इतकी शब्दशः पडद्यावर आलेली मी आधी पाहिली नव्हती.

हे असं का होतं, यावर मी बराच विचार केला आहे. रोटो करताना हात चालतात आणि डोकं रिकामं असतं. तुमची पात्रं मरत नाहीत, कारण ती गहाण पडलेली आहेत. १९९६ साली मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली होती. त्याच्या आगेमागे स्पायडर-मॅन, एक्स-मेन अशी चांगली चांगली पोरं सिनेमासाठी दुसऱ्यांच्या घरी गेली, फँटॅस्टिक फोर तर आधीच गेले होते. २००५ साली स्वतः सिनेमे काढायचे ठरवलं तेव्हा मार्व्हलने मेरिल लिंचकडून ५२.५ कोटी डॉलरची सोय करून घेतली आणि तारण म्हणून घरात उरलेल्या पात्रांचे सिनेमाहक्क ठेवले. त्यांत कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, अँट-मॅन, डॉक्टर स्ट्रेंज होते. सावकाराकडे आईच्या पाटल्या ठेवून दुकान टाकावं तसा प्रकार. त्या वेळी ती हिंमतच होती आणि तिला माझा सलाम आहे. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरला मार्व्हल विकत घेतली, कर्जाची काळजी मिटली. पण पात्रांकडे पाटल्या म्हणून बघायची सवय गेली नाही. गहाण टाकलेला दागिना कोणी मोडत नाही. सारखं काढून तोलून बघतात, एवढंच.

आणि जी पोरं दुसऱ्यांच्या घरी गेली त्यांची गोष्ट आमच्या कूळकायद्यासारखी आहे. कसेल त्याची जमीन. सोनीला ठराविक मुदतीत स्पायडर-मॅनचा सिनेमा काढत राहावं लागतं, नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत जातात. त्यामुळे २००७ ला एक स्पायडर-मॅन संपतो आणि २०१२ ला दुसरा पुन्हा त्याच कोळ्याकडून चावून घेतो. बेन काका पुन्हा मरतो. माझा पुतण्या तेव्हा विचारत होता, “काका, याला परत का चावला?” जमिनीवर नाव राहावं म्हणून मूठभर बाजरी फेकून ठेवणारे शेतकरी मी पाहिलेत, त्यामुळे मला उत्तर माहीत होतं. पण आठ वर्षांच्या पोराला सातबारा कसा समजावणार? फँटॅस्टिक फोरचं याहून भारी. हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून १९९४ साली त्यांच्यावर स्वस्तातला एक अख्खा सिनेमा काढला आणि तो थिएटरात लावलाच नाही. मग २००५, २००७, २०१५ आणि २०२५. बॅटमॅनच्या आईबापांच्या मरणाची मोजणी मी सोडून दिली होती, पण आज ठळक तेवढी करतो. १९८९, २००५, २०१६, आणि २०१९ ला तर बॅटमॅनचा नसलेल्या ‘जोकर’मध्येही त्या दोघांना गल्लीत गोळ्या घातल्या. आईच्या गळ्यातल्या मोत्यांचे सर तुटून मोती रस्त्यावर सांडतात, ते इतक्यांदा पाहिलंय की कुठला मोती कुठे घरंगळणार हे सांगता येईल.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे वेगळं काय चालतं? बरोबर आहे. आमच्याकडेही लोकप्रिय सिनेमाला वीस वर्षांनी ‘२’ चिकटतो. १९९३ च्या ‘झपाटलेला’ला २०१३ मध्ये चिकटला, २००४ च्या ‘नवरा माझा नवसाचा’ला २०२४ मध्ये. शिवकालावर तर इतके सिनेमे आले की जिरेटोप भाड्याने देणाऱ्यांना दिवाळी बारमाही झाली असावी. त्यावर वेगळं पत्र लिहिता येईल, आणि ते लिहिल्यावर मला शिव्या जास्त पडतील.

पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचं मला वावडं नाही. माझी सासुरवाडी कुडाळची. तिकडे जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. समोर बसलेल्या म्हातारीला कथा तोंडपाठ असते. नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात, ते जागच्या जागी बोलतात, त्यामुळे तोच प्रसंग शेजारच्या गावात वेगळा होतो. अभिमन्यूचं आख्यान लागलं की दरवेळी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो आणि दरवेळी मरतो. पुढच्या जत्रेला दुसऱ्या विश्वातून दुसरा अभिमन्यू आणून सुभद्रेसमोर उभा करत नाहीत. म्हातारीला तो मरणार हे ठाऊक असतं, तरी पदर डोळ्यांना जातो. आणि रामाचे, अभिमन्यूचे, वालीचे हक्क कोणाकडेच नाहीत, मुदत संपते म्हणून घाईघाईने त्यांना कोणाला उभं करावं लागत नाही. ज्याला काही सांगायचं असेल तो तोंडाला रंग लावतो. तुमच्याकडे सांगायचं काय हे ठरायच्या आधी प्रदर्शनाची तारीख जाहीर होते.

इथे माझ्या कामाचा संबंध येतो. ‘एंडगेम’मध्ये सगळे नायक काळात मागे जाताना पांढरे-लाल सूट घालतात. ते सूट कोणी शिवलेच नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी डिझाइन ठरलं नव्हतं, म्हणून नंतर कॉम्प्युटरवर घातले. काम अफलातून आहे, ज्यांनी केलं त्यांचे हात धुऊन पाणी प्यावं. पण त्यातून या सगळ्या धंद्याला एक सवय लागली. मग ठरवू. कपडे मग ठरवू, मागचं शहर मग ठरवू, शेवटी मारामारी कोणाशी हेही मग ठरवू. आणि ‘मग’ म्हणजे आम्ही. बोली आधी ठरलेली असते, इतके शॉट, इतके मॅनडे (एका माणसाचा एक दिवस), इतके पैसे. त्यानंतर अमेरिकेत कोणाचा विचार बदलला की इथे कोणाची तरी रात्र जाते. आमच्यात ‘फायनल’ हा शब्द आर्टिस्टने उच्चारायचा नसतो, तो क्लायंटचा शब्द. मी एका शॉटची एकेचाळीसावी आवृत्ती पाठवली होती आणि त्यांनी सहावी उचलली.

तुम्ही सेटवर काही ठरवत नाही आणि कथेत काही संपवत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मला वाटत नाही. सूट नंतर बदलता येतो तसा मृत्यूही नंतर बदलता येईल, अशी सोय तुम्ही करून ठेवली आहे. त्या सोयीचं नाव मल्टिव्हर्स. एक मेला की समांतर विश्वातून दुसरा आणायचा.

२०२१ या एका वर्षात मार्व्हलचे चार सिनेमे आणि पाच मालिका आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘क्वांटुमेनिया’च्या इफेक्ट्सना लोक हसले. नोव्हेंबरात ‘द मार्व्हल्स’ आला आणि जगभरात जेमतेम वीस कोटी डॉलरच्या वर गेला, मार्व्हलच्या या सिनेमांतला सगळ्यांत कमी धंदा. लोक म्हणाले, व्हीएफएक्स, म्हणजे आमचे हे इफेक्ट्स, बिघडलं. मी सांगतो, हात तेच होते. एका हाताला चार ताटं वाढायला सांगितली तर आमटी सांडणारच. त्याच वर्षी सप्टेंबरात मार्व्हलच्या अमेरिकेतल्या व्हीएफएक्स कामगारांनी युनियनच्या बाजूने एकमताने मत दिलं. इथे आम्ही ती बातमी एकमेकांना पाठवली, कोणी अंगठा दाखवला, कोणी काहीच लिहिलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही इफेक्ट्सची मोठी कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरूतली माणसं एका रात्रीत रस्त्यावर आली. तोवर मी धंदा सोडला होता.

आणि ‘बॅटगर्ल’. सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून जवळजवळ तयार झालेला सिनेमा डीसीची मालक असलेल्या वॉर्नरने ऑगस्ट २०२२ मध्ये करात सूट मिळवण्यासाठी कायमचा पेटीत घातला. दिग्दर्शकांनी नंतर सांगितलं की निदान मोबाइलवर तरी शूट करून ठेवू म्हणून ते धावले, तोवर सर्व्हर बंद झाला होता. माझा एक शॉट ओमिट झाला तर मी चहा पिऊन विसरलो. तिथे अख्खी मुलगी ओमिट झाली. गंमत बघा, मेलेल्यांना तुम्ही थडग्यातून काढता आणि जी जिवंत होती तिला पुरता.

माझ्या गावापासून एसटीने तासाभरावर मालेगाव आहे. यंत्रमागांचं गाव. तिथे नासिर शेख नावाच्या माणसाने ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. फैज़ा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे तो जगाला कळला आणि २०२५ मध्ये त्या मंडळींवर हिंदी सिनेमाही आला. सुपरमॅन झाला होता शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा, काडी पैलवान, काठीवर लाल फडकं बांधावं तसा दिसायचा. क्रेन नव्हती तर बैलगाडीचं जोखड वर उचलून त्यावर कॅमेरावाला बसवला. ट्रॉली नव्हती तर सायकल. उडण्याच्या शॉटला त्याला आडवा टांगून मागे हिरवं कापड लावलं. मध्येच शफीकचं लग्न निघालं म्हणून चित्रीकरण थांबलं. त्या उडण्याच्या शॉटमध्ये शफीकच्या कडा फाटलेल्या दिसतात, हिरवट झाक राहून गेलेली आहे. रोटोवाल्याच्या नजरेला आधी तेच खुपतं. पण मी तो शॉट कितीही वेळा पाहिला तरी कापायला हात शिवशिवत नाहीत. तो सूट कोणीतरी खरोखर शिवला होता आणि आत खरोखर शफीक होता. पुढे तो तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या जागी दुसरा कोणी आणून भाग दोन काढला नाही.

तुमच्यापैकी काहींना हे थोडंफार उमगलेलं दिसतं. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन, फार तर तीन मार्व्हलपट असं २०२४ मध्ये जाहीर केलं. डीसीचे गनसाहेब, पटकथा पूर्ण झाल्याशिवाय सिनेमाला हिरवा कंदील नाही असं तुम्ही सांगितलंत आणि २०२५ च्या तुमच्या ‘सुपरमॅन’ने त्याचा जन्मग्रह क्रिप्टॉन पुन्हा फोडून दाखवला नाही. हरलेला माणूस बर्फात येऊन आदळतो, तिथूनच सुरुवात. मी पैसे देऊन दोनदा पाहिला. मार्व्हलचे फायगीसाहेब, तुमच्याकडे डिसेंबर २०२६ साठी ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ जाहीर झाला आहे. तोही मी बघणार, खोटं कशाला बोलू. फक्त त्यात कोणी मेलं तर एवढंच करा, त्याला पुरल्यावर जागा सोडा. दुसरा कोणी तिथे उभा राहू दे, ज्याचं नाव अजून कुठल्याच ताळेबंदात नाही. आणि सूट आधी ठरवा. इथे एखादा पोरगा तेवढाच घरी लवकर जाईल, दादरची गर्दी व्हायच्या आत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी रोटो आर्टिस्ट,
डोंबिवली पूर्व

ता. क. सुरुवातीला सांगितलेला तो साडेचार सेकंदांचा शॉट कुठल्यातरी सर्व्हरवर पडून असेल. तो सिनेमा तुम्ही पुन्हा काढणार आहातच, तेव्हा वापरा. केस नीट कापलेत.